मागच्या भिंतीवरच्या पाच वेली

आदरणीय वन्सं,

वाकून नमस्कार. पाठीत उसण भरल्यामुळे नमस्कार नेहमीपेक्षा जरा उभाच झाला आहे, पण तो पूर्ण वाकून केला असं समजून घ्यावं. तुमचा गुडघा आता कसा आहे? यजमानांचा खोकला हवा बदलल्यावर बसला असेल अशी आशा करते. भाची परीक्षेतून मोकळी झाली असेल, तर आता तरी तिने दोन वेळा नीट जेवायला बसावं असं मामीने सांगितलंय म्हणून सांगा. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. (ठीक म्हणजे काय ते पुढे येईलच.) मागच्या पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं होतं, बागेत काय नवीन? प्रश्न अर्ध्या ओळीचा होता, उत्तर सहा पानांचं झालं आहे, त्याला माझा इलाज नाही. गुडघ्याखाली उशी घ्या आणि मग वाचायला बसा.

सुरुवात बागेत झाली नाही. ती तुमच्या भावाच्या शर्टाच्या बटणापासून झाली. यांच्या करड्या शर्टाचं बटण तुटलं होतं, ते आईंनी शिवून दिलं, आणि हे तो शर्ट घालून दिवसभर ऑफिसात नकाशे काढत बसले. संध्याकाळी मी पाहिलं तर करड्या शर्टावर बटण हिरव्या दोऱ्याने शिवलेलं. साधासुधा हिरवा नाही, शेवाळासारखा. दुसऱ्या कोणाच्या आईने हे केलं असतं तर आपण हसून सोडून दिलं असतं. पण आपल्या आईंनी एकतीस वर्षं कापडगिरणीच्या रंगखात्यात नमुने जुळवले. मागितलेला रंग आणि आलेला रंग यांत केसाइतका फरक दिसला तर अख्खा माल परत पाठवायचा अधिकार त्यांना होता, आणि निवृत्तीनंतर तो अधिकार गिरणीत ठेवून यायला त्या विसरल्या. (माझ्या संसारातले पहिले पडदे त्यांनी उंबऱ्यावरूनच दुकानात परत धाडले होते, हे तुम्हाला आठवत असेल. मला आठवतं.) त्या बाईंनी करड्याला हिरवा दोरा लावला. यांनी आरशात पाहिलं, शर्ट काढून घडी करून ठेवला आणि काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. त्या दिवशी आम्ही दोघं फार जपून जेवलो.

मग एकेक दिसायला लागलं. आई चहा कपाशेजारी ओतायला लागल्या आणि टेबल हलतंय म्हणायला लागल्या. माझ्याशी बोलताना दाराच्या कडीकडे बघायला लागल्या. रागावताना तर फारच रोखून कडीकडे बघत, आणि बोलणी मला बसत. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चौकटी आखलेला एक कागद समोर धरला आणि रेषा सरळ दिसतात का म्हणून विचारलं. आई म्हणाल्या, छपाई वाईट आहे, छापखाना बदला. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी दुसरा कागद काढला नाही, खुर्ची पुढे ओढून आईंना सगळं नीट सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. ज्याच्याकडे सरळ बघाल तेच पुसट होईल, आजूबाजूचं दिसत राहील. पूर्ण अंधार होणार नाही, पण चष्म्याने सुधारणारही नाही. रंग हळूहळू विटतील, ठसठशीत असतील ते जास्त दिवस टिकतील. आईंनी एकच प्रश्न विचारला, की लाल आधी जातो का निळा. डॉक्टर म्हणाले, आजवर मला हे कोणी विचारलं नाही, आणि मला खात्रीने सांगताही येणार नाही. आईंना हे उत्तर आवडलं असावं, कारण त्यांनी त्यांना नमस्कार केला. (शेजारच्या वजनकाट्याला केला, पण डॉक्टरांनी घेतला.) परतताना गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून म्हणाल्या, "मागच्या भिंतीवर वेली लावायच्या. फुलांच्या. भडक."

वन्सं, भडक हा शब्द आईंच्या तोंडून मी आजवर फक्त शिवी म्हणून ऐकला होता.

मागच्या भिंतीपाशी माझी भाजी होती हे तुम्हाला ठाऊक आहे. अंगणात ऊन फक्त तिथेच येतं, म्हणून भाजी तिथे, म्हणून वेलीही तिथेच. वांग्यांवर मी पाणी सोडलं. दुधीसाठी मात्र भांडले. म्हटलं, दुधीचीही वेलच असते आणि तिलाही फुलं येतात. आई म्हणाल्या, दुधीचं फूल पांढरं, आणि पांढरा हा काही रंग नव्हे, तो रंगवायचा राहून गेलेला माल. मी दुधी उपटली.

रोपं आणायला एक अख्खा रविवार गेला. रोपवाटिकेचे मालक म्हातारे आणि मऊ बोलणारे. आईंनी लाल बोगनवेल मागितली. ते म्हणाले, आहे. आईंनी विचारलं, कोणता लाल? ते म्हणाले, लाल म्हणजे लालच. त्यावर आईंनी त्यांच्याकडे (म्हणजे त्यांच्या बाजूच्या झारीकडे) असं काही पाहिलं की ते निमूट उठून सगळ्या कुंड्या बाहेर मांडायला लागले. आई प्रत्येक फूल कानाजवळ नेऊन धरायच्या आणि स्वतः समोर भलतीकडे बघत राहायच्या. कडेच्या नजरेने त्यांना तेवढंच दिसतं. मालकांना वाटलं या फुलं ऐकतात. थोड्या वेळाने तेही कुजबुजत बोलायला लागले, आणि झाडांना पाणी घालणाऱ्या बाईला त्यांनी खुणेने नळ बंद करायला सांगितला. मी मध्येच एक फिकी गुलाबी वेल सुचवली. ती दवाखान्याच्या भिंतीच्या रंगाची निघाली. चार तासांनी आम्ही घरी आणल्या त्या पाच वेली अशा: एक बोगनवेल, पक्क्या विटेत जांभळा कालवल्यासारख्या लाल रंगाची; एक मधुमालती; एक पिवळा अलमांडा; एक निळी गोकर्ण; आणि पाचवं एक बारकं रोप, जे मालकांनी फुकट दिलं. त्याची पाटी पडून गेली होती, फुललं की कळेल म्हणाले.

वेली आल्या, आता त्यांना चढायला मांडव हवा. तुमच्या भावाने त्याचे नकाशे काढले. समोरून, बाजूने, आणि एक वरून (वरून कोण बघणार होतं ते मी विचारलं नाही). तीन आठवड्यांनी मांडव उभा राहिला, अगदी सुरेख. आईंनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाल्या, डावीकडे झुकलाय, आणि मधल्या पट्टीला पोक आलाय. यांनी सगळा खोलून पुन्हा बसवला. आई म्हणाल्या, अजून झुकलेलाच आहे. तिसऱ्या वेळी हे ओळंबा घेऊन गेले. खांबाला दोरी लावली. दोरी आणि खांब दोन्ही एकमेकांना चिकटून सरळ खाली. खिडकीतून आई सांगत होत्या, थोडा उजवीकडे, अजून थोडा. हे दोरी धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी एक स्क्रू सैल केला, तिथल्या तिथे परत घट्ट केला आणि विचारलं, आता? आई म्हणाल्या, आता बरंय. हे आत आले आणि नळाखाली हात धूत राहिले, हात स्वच्छ झाल्यावरही. मी विळीवर होते, मी मागे वळले नाही. डॉक्टर काय म्हणाले ते आम्ही दोघांनी एकाच खोलीत ऐकलं होतं, पण यांना ते त्या दिवशी कळलं.

आता बोगनवेलीचं. तिला पानं आली, मग आणखी पानं आली, मग इतकी आली की भिंत दिसेना, पण रंग म्हणून नाही. शेवटी मी रोपवाटिकेच्या मालकांना बोलावून आणलं. त्यांनी मातीत बोट घातलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत चिखलाने माखून बाहेर आलं. म्हणाले, या घरात हिचे कोणी तरी फार लाड करतंय. चौकशी झाली. मी सकाळी पाणी घालत होते, कर्तव्य म्हणून. हे ऑफिसातून आल्यावर घालत होते, मला त्रास नको म्हणून. आणि आई दुपारी थोडंसं घालत होत्या, आम्ही दोघं विसरत असू म्हणून. बोगनवेलीला तहान लागल्याशिवाय ती रंग धरत नाही, दोन आठवडे थेंबही देऊ नका, असं सांगून मालक गेले. आईंचा याला तत्त्वतः विरोध होता. त्या गिरणीच्या युनियनमध्ये होत्या. तहानेलं ठेवून काम करून घ्यायचं हे त्यांना पटेना. तरी त्यांनी पाळलं. पाळलं नाही ते तुमच्या भावाने. नवव्या दिवशी मी त्यांना पेला घेऊन वेलीपाशी पकडलं, तर म्हणाले, चूळ भरत होतो. पंधराव्या दिवशी बोगनवेल पेटली. आई खिडकीत बसल्या, वेलीवरची नजर काढून शेजारच्या पाण्याच्या टाकीवर लावली आणि बराच वेळ त्या टाकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हां. हाच मागवला होता."

मधुमालतीपाशी मात्र मी तोंडावर आपटले. आई एक दिवस म्हणाल्या, एकाच घोसात तीन रंग आहेत, पांढरा, गुलाबी आणि लाल. मी हो हो म्हटलं. कोणत्या आवाजात म्हटलं ते लिहायची लाज वाटते. तापात बरळणाऱ्या माणसाशी बोलतात तसा तो आवाज होता. स्वयंपाकघरात मी यांना हळूच सांगितलं की आता नसलेलंही दिसायला लागलंय. यांनी हातातला घास ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी घालताना मी पहिल्यांदा त्या वेलीकडे नीट पाहिलं. मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि तिसऱ्या दिवशी लाल. घोसात तिन्ही होती. दोन महिने मी त्या वेलीखालून कपडे वाळत घालत होते आणि माझा चष्म्याचा नंबर नवा आहे. मी आत जाऊन ही बातमी आईंना नव्यानेच कळल्यासारखी सांगितली. त्या "हं" म्हणाल्या. (एकोणीस वर्षांच्या संसारात या "हं"चे मला चार अर्थ लागले आहेत. हा तिसरा होता.)

तेव्हापासून त्यांनी रोज सकाळी विचारायला सुरुवात केली, आज काय काय उमललं? सकाळी खिडकीच्या काचेवर ऊन येतं, त्यांना दिपतं, काही दिसत नाही. सुरुवातीला मी बाहेर जाऊन मोजून यायची. मग सकाळच्या घाईत मी शेगडीपाशी उभी राहूनच सांगायला लागले: अलमांडा सात, गोकर्ण बारा. मनाला येईल तो आकडा. वर थोडी सजावट म्हणून रंगही सांगायची. आठवडाभर हे चाललं. मग एक दिवस आईंनी माझं मनगट धरलं आणि मला हातातल्या पळीसकट वेलीपुढे नेऊन उभं केलं. बोटांनी चाचपून अलमांडा मोजले. तीन निघाले. मी बोलणी खायच्या तयारीने उभी. त्या शांतपणे म्हणाल्या, "सात म्हणालीस त्याचं काही नाही. पण लिंबासारखा पिवळा म्हणालीस. लिंबात हिरवा असतो, ह्याच्यात हिरव्याचा थेंब नाही. खोटं सांगायचं तर सांग, पण रंग खरा सांग."

मग पळीवरून आमटी ओघळलेला माझा हात पदराने पुसून म्हणाल्या, "मला इथून पुढे तुझ्याकडूनच बघायचंय. तेव्हा तुला शिकावं लागेल."

वन्सं, त्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात एक पत्र्याचा डबा आहे. त्यात गिरणीतल्या रंगनमुन्यांच्या सुताच्या लडी आहेत, शेकड्यांनी, प्रत्येकीला नंबराचा बिल्ला. माझ्या माहितीप्रमाणे तो डबा त्यांनी कोणाला उघडू दिलेला नाही. आता तो रोज चार वाजता उघडतो. आई एक लड काढतात, बिल्ल्यावरचा कोरलेला नंबर अंगठ्याने वाचतात, मी ती फुलाला लावून बघायची आणि सांगायचं की जुळतं की नाही, नसेल तर कशाने कमी, कशाने जास्त. पहिल्या आठवड्यात मला दहापैकी शून्य. दारातून हे हसले, म्हणून त्यांनाही बसवलं. त्यांची प्रगती आणखी कठीण आहे, त्यांना सगळंच शिसपेन्सिलीचं दिसतं. मला आता सतरा लाल ओळखता येतात. याचा संसारात उपयोग शून्य. उलट परवा भाजीवाल्यापुढे मी टोमॅटो हातात घेऊन इतकी उभी राहिले की मागच्या बाईने मला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. पाठीतली उसण याच शिक्षणातली, बोगनवेलीचा वरचा तुरा बघायला स्टुलावर चढले होते. आणि माझ्या दुपारच्या झोपेचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

राहिली पाचवी वेल. तिचं तिसरं पान फुटलं तेव्हाच मी तिला ओळखलं होतं. लवदार पान, तणाव्यांची ती ओढ. मी काही बोलले नाही. आई रोज तिच्या पानावरून बोटं फिरवायच्या, त्यांनीही बोलू नये हे मला जरा नवल वाटे. मागच्या मंगळवारी दिवेलागणीला ती फुलली. त्या वेळी बोगनवेल आधी काळी पडते, मग गोकर्ण दिसेनाशी होते, अलमांडाही मळतो. आई खिडकीत होत्या. मला म्हणाल्या, "ते कोपऱ्यात काय उमललंय? दिसतंय मला." मी म्हटलं, पाचवी. म्हणाल्या, रंग सांग. मी म्हटलं, रंगवायचा राहून गेलाय. त्या "हं" म्हणाल्या. हा पाचवा अर्थ, अजून लागायचा आहे. पण अंधार पडून मी दिवा लावेपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत, आणि आता रोज संध्याकाळी खुर्ची त्या खिडकीशी तिरकी करून बसतात.

तर बागेत हे असं आहे. घरातल्या सर्वांना माझा नमस्कार आणि धाकट्यांना आशीर्वाद पोचवावा. कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर वहिनी म्हणून पोटात घालावं.

तुमची,
वहिनी

ता. क. उसणीवर तुम्ही मागे एक मलम सांगितलं होतं, हिरव्या झाकणाचं. त्याचं नाव कळवावं. (दुकानदार विचारेल, हिरवं म्हणजे कोणतं हिरवं असं मला वाटलं होतं, पण तो तसं विचारत नाही. तो नुसता नाही म्हणतो.)

आणखी ता. क. खरं सांगायचं तर हे पत्र मी वेलींसाठी लिहायला घेतलं नव्हतं. परवा वेल बांधायला जाड कागद हवा होता म्हणून मांडवाच्या नकाशांची गुंडाळी उलगडली, तर त्यात तुम्ही यांना लिहिलेलं पत्र निघालं. दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही. हे वाचलं. त्यावरून कळलं, मी बाजारात असताना आईंनी तुम्हाला फोन केला, आणि स्वतःच म्हणाल्या की मला घेऊन जा, सून दमलीये, माझ्या चुका होतात आणि ही दोघं काही न बोलता जपून जेवतात ते मला बघवत नाही. आणि तुम्ही महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाडी घेऊन येणार आहात. तुमच्या भावाने नऊ दिवस हे पोटात ठेवलं. त्यांच्याने मला सांगवत नाही आणि तुम्हाला हो किंवा नाही लिहवत नाही.

त्या तुमच्या आई आहेत. तुमच्याकडे मोकळी खोली आहे, दवाखाना जवळ आहे, हे सगळं मला मान्य आहे. मी वर सहा पानं तक्रारी लिहिल्या, त्या काल रात्री यांना वाचून दाखवल्या आणि विचारलं, वन्संना पटेल ना? हे म्हणाले, काय पटेल? तेव्हा लक्षात आलं की मला जे लिहायचं होतं ते मी कुठेच लिहिलेलं नाही. ते असं: वन्सं, आईंना नेऊ नका. मी दमले आहे हे खरं आहे. तरीही नेऊ नका. लाल झालेत, पण निळ्यातला मला अजून एकच ओळखता येतो.

हे मी त्यांना तोंडाने सांगून उपयोग नाही. त्या म्हणतील मलाच जायचंय, आणि मान ताठ करून गाडीत बसतील. तेव्हा नाही तुमच्याकडूनच यायला हवं. काही तरी कारण सांगा. लिफ्ट बंद आहे म्हणा, पाहुणे आहेत म्हणा, भाची अभ्यासाला त्या खोलीत बसते म्हणा. तेवढं खोटं माझ्यासाठी बोला. फक्त घरात रंगकाम काढलंय असं सांगू नका. कोणता रंग, असं त्या विचारतील.